हिरव्या डोळ्याची उघडझाप

१

रेकॉर्डिंगच्या आदल्या दुपारी मी खोली तयार करायचो. खिडक्या लावायच्या, भिंतींवर खिळ्यांना रजया टांगायच्या, खाली सतरंजी आणि तिच्यावर गादी घालायची. माइकची तार भिंतीच्या कडेकडेने न्यायची, कारण मधून नेली की माधवरावांच्या पायात ती हमखास अडकायची आणि मग ते मलाच विचारायचे, "ही तार इथे कोणी आणली?"

ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या माधवरावांच्या घराची ही माडीवरची खोली. माधवराव दरबारच्या महसूल खात्यातून निवृत्त झालेले. गाण्याबजावण्याचा नाद असा की त्यांनी मुंबईहून एक जर्मन टेप मशीन मागवली होती. ती त्यांना चालवता येत नसे. मी आठवीतून शाळा सोडून रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलेलो. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझे कान लाल व्हायचे. पण मशीनचं झाकण उघडलं की हात आपोआप चालायचे. म्हणून सुटीच्या दिवशी मी इथे.

मशीनच्या तोंडावर एक हिरवा दिवा होता. आम्ही त्याला डोळा म्हणायचो. माइकवर आवाज आला नाही की त्याची दोन हिरवी पानं लांब राहायची, मध्ये काळी फट दिसायची. आवाज आला की पानं जवळ सरकायची. मोठ्यात मोठ्या आवाजाला ती एकमेकांना नुसती टेकली पाहिजेत. एकावर एक चढली तर फितीवर आवाज फाटणार. लांबच राहिली तर गाण्यापेक्षा खरखर जास्त येणार. हे सगळं एका गोल बटणावर. तबल्याला ते कुठे ठेवायचं, ढोलकीला कुठे, हे मला पाठ झालं होतं. नगारा मात्र मी कधी रेकॉर्ड केला नव्हता, आणि उद्या नगारेच होते.

ते खोलीत येऊन बसले होते. एक लहान, एक मोठा. मोठ्यावर लाल कापड, कापडावर दोन काठ्या आडव्या ठेवलेल्या, त्यांच्यात झेंडूचं एक फूल.

मशीन तापली की नाही पाहायला मी रेकॉर्डची कळ दाबली. फीत चालू केली नाही. डोळा उजळला. खाली रस्त्यावर त्या घटकेला टांगा नव्हता, शेजारी नळ वाहत नव्हता, आणि मी श्वाससुद्धा हळू घेत होतो.

पानं जवळ आली, लांब गेली. पुन्हा जवळ आली.

२

नगाऱ्यांची गोष्ट मला दिनकररावांनी सांगितली होती. ते सचिवालयात कारकून. त्या वर्षी दसऱ्यानंतर ग्वाल्हेरात ज्याच्या त्याच्या तोंडी भोपाळ होतं. मध्य भारत राज्य मोडून नवं राज्य होणार, कचेऱ्या तिकडे जाणार. आमच्या गल्लीत पोती, सुतळ्या आणि लोखंडी ट्रंका यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. दिनकररावांचा हुकूम आलेला होता. परवा सकाळची गाडी.

"सगळं बांधून झालं, गोपाळ," ते दुकानात येऊन म्हणाले. "एक बाबाच बांधायचे राहिले."

त्यांचे वडील कान्होजी. पूर्वी एका सरदारांच्या देवीसमोर ते चौघडा वाजवायचे. सोबत जोडीदार, संभाजीराव. लहान नगारा कान्होजींचा, मोठा संभाजीरावांचा. संस्थान विलीन झालं, सरदारांचं उत्पन्न गेलं आणि चौघडा बंद झाला. त्याच हिवाळ्यात संभाजीराव वारले. सरदारांनी नगारे कान्होजींकडे ठेवायला दिले, आणि कान्होजी बिर्लानगरला गिरणीच्या फाटकावर पहारेकरी झाले. गिरणीच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत ते दर नवरात्रात दोन्ही नगारे मांडायचे आणि एकटेच वाजवायचे.

"एकटे कसे?" मी विचारलं.

"आपलं वाजवतात, आणि संभाकाकांची जागा रिकामी सोडतात. जोडीचं वाजवणं तसंच असतं ना, एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. हे बोलतात आणि थांबतात. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा मधेच विसरतो."

आता सरदारांकडच्यांनी नगारे परत मागितले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी पोचवायचे होते. आणि कान्होजी म्हणत होते, जोडी सोडून मी येणार नाही. क्वार्टर खाली करायचं तर फाटकाशेजारच्या टपरीत राहीन.

"सत्तरीचा माणूस, खांदा धरलेला, अकेला पडून राहणार इथे," दिनकरराव म्हणाले. "मी तुमच्या मशीनची गोष्ट काढली. आवाज बरोबर नेता येतो बोललो. तर म्हणाले, जोडी उतरली फितीवर तर येतो. अर्धी नको. जोडी."

"पण वाजवणार तर एकटेच."

"तेच तर. तू चांगलं काढ, बस्स. खूश झाले की मानतील."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला जास्त बोलावं लागलं असतं.

३

तर डोळा मिटत होता आणि उघडत होता. दोन लहान, एक मोठी, मग थांबणं. पुन्हा दोन लहान, एक मोठी.

दुकानातले आमचे उस्ताद म्हणायचे, आधी डाग बघ, मग तार बघ, मग नशीब बघ. मी मशीन उलटी करून डाग, म्हणजे तारांचे झाळलेले सांधे, पाहिले. पक्के होते. विजेचा दाब खालीवर होत असेल म्हणून भिंतीवरचा दिवा लावून पाहिला. तो एकसारखा जळत होता. माइकची पिन काढली. डोळा पूर्ण उघडला आणि तसाच राहिला. पिन लावली. दोन लहान, एक मोठी.

म्हणजे मशीन ठीक होती. माइक काहीतरी ऐकत होता.

मी हेडफोन लावला. आवाज नव्हता. पण कानावर दाब येत होता, विहिरीत बुडी मारल्यावर येतो तसा. येत होता आणि सुटत होता. मी हेडफोन काढून ठेवला आणि शर्टाला हात पुसले.

माइकवर रजई टाकली, उघडझाप थांबली. रजई काढून माइक खिडकीकडे वळवला. पानं जेमतेम हलली. दाराकडे वळवला, तेवढीच. नगाऱ्यांकडे वळवला. पानं एकमेकांवर चढली.

मला आठवतं, मी मोठ्याने म्हणालो, "गिरणी." बिर्लानगरच्या गिरणीच्या यंत्रांची थरथर जमिनीतून येत असेल आणि एवढं मोठं कातडं ती पकडत असेल. कारण चांगलं होतं. बिर्लानगर तिथून दोन कोस लांब होतं, पण तरी कारण चांगलं होतं. ते पडताळून पाहायला मी मोठ्या नगाऱ्यापाशी गेलो, लाल कापडाची कड उचलली आणि पूर्ण तळवा कातड्यावर ठेवला.

कातडं निश्चल होतं. जरासुद्धा थरथर नव्हती. मी मान वळवून मशीनकडे पाहिलं. डोळा सताड उघडा होता. थांबला होता.

तळव्याखाली काही नव्हतं. पण कोणी श्वास रोखून बसलं की शेजारच्याला जसं कळतं, तसं मला कळत होतं. मी हात तसाच ठेवला. किती वेळ, सांगता येणार नाही. रस्त्यावरून एक भाजीवाली ओरडत गेली आणि मला तिचा फार आधार वाटला.

मग मी हात उचलला. मशीनकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं.

दोन लहान, एक मोठी. आता जरा जोरात. एखाद्याच्या अंगात उत्साह यावा तशी.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आले. आधी जिन्यावरून सुधावहिनींचा आवाज आला, मग कचोऱ्यांचा वास, मग त्या स्वतः. या दिनकररावांच्या पत्नी.

"भोपाळला तलाव आहे, तलाव आहे, सगळे तेच सांगतात," त्या टोपली ठेवत म्हणाल्या. "कचोरी मिळते का, कोणी नाही सांगत. म्हणून मी कालपासून खाऊन घेते आहे."

"दिसतंय," दिनकरराव म्हणाले.

"तुम्ही चूप राहा. हुकूम तुम्हाला आला, सामान मी बांधलं."

कान्होजी शेवटी आले. बुटके, रुंद, पांढऱ्या मिशा, उजवा हात जरा अंगाशी धरलेला. आल्या आल्या त्यांनी दोन्ही नगारे गच्चीवर उन्हात ठेवायला लावले, कातडी तापावीत म्हणून. दोन्ही. मोठ्यावरचं कापड त्यांनी काढलं नाही, नुसती कड वर केली. मग सावलीत माझ्याशेजारी बसले.

"नाव काय रे तुझं?"

"गोपाळ."

"मान वर करून सांग. काय वाईट नाव आहे का?"

माझे कान लाल झाले. ते हसायला लागले. "लग्न झालं?"

"नाही."

"होईल कसं. ज्या नजरेने त्या मशीनकडे बघतोस, त्या नजरेने एखाद्या मुलीकडे बघशील तेव्हा ना."

माधवरावांना हे इतकं आवडलं की ते दोनदा म्हणून दाखवत राहिले. सुधावहिनी म्हणाल्या, "मामंजी, त्याला नका सतावू, बटण चुकीचं फिरवेल," आणि माझ्या हातात आणखी एक कचोरी दिली. ऊन छान होतं. मला वाटलं, कालची दुपार मी उगाच एवढी मनावर घेतली.

खोलीत नगारे मांडून झाल्यावर मी धीर करून म्हणालो, "काका, एकदा जोरात वाजवून दाखवा. म्हणजे बटण कुठे ठेवायचं ते कळेल."

"जोरात म्हणजे?"

"वाजवताना जेवढा जास्तीत जास्त आवाज होईल तेवढा."

ते गंभीर झाले. "नगाऱ्यावर खोटा हात टाकत नाहीत, पोरा. हात टाकला म्हणजे चौघडा सुरू झाला. आणि एका वेळचा चौघडा दोनदा होत नाही." त्यांनी लहान नगाऱ्याच्या कडेवर बोटाने एक टिचकी मारली. "एवढं घे."

टिचकीवर नगाऱ्याचा अंदाज कोण बांधणार? म्हणजे चाचणी नाही, आणि चुकलं तर दुसरी संधी नाही. संध्याकाळी नगारे जाणार, सकाळी गाडी. मी माधवरावांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले.

मी त्यांना बाजूला घेऊन कालची गोष्ट सांगितली. अडखळत, अर्धी हिंदीत.

"विजेचा दाब," ते लगेच म्हणाले. "आजकाल दुपारी फार होतं."

"दिवा एकसारखा होता, साहेब."

"मग उंदीर," माधवराव म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

पण कान्होजींनी ऐकलं होतं. "डोळा हलत होता?" त्यांनी विचारलं. "कुठल्या अंगाला जास्त?"

"मोठ्याच्या."

ते उठले, आपला लहान नगारा वीतभर डावीकडे ओढला आणि मोठ्याच्या मागचा बसायचा पाट नीट सरळ केला. दोन माणसं शेजारी बसली तर कोपरं लागू नयेत, एवढी जागा झाली. मग त्यांनी गच्चीच्या दाराकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

खोलीत बाकी सगळे कचोऱ्यांबद्दल बोलत होते.

५

दिवा लावला, उदबत्ती लावली. कान्होजींनी मोठ्या नगाऱ्यावरच्या काठ्या उचलून कपाळाला लावल्या आणि कापडावर परत ठेवल्या. मग आपल्या काठ्या घेतल्या. मी फीत सुरू केली, हात वर केला, खाली आणला.

पहिला हात पडला आणि मला कळलं की मला नगारा म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. सत्तरीचा खांदा धरलेला माणूस होता तो. रजया टांगलेल्या होत्या, तरी आवाज छातीवर येऊन आपटला. मी बटण ढोलकीच्या जागेपेक्षा पुष्कळ खाली ठेवलं होतं. पानं आली आणि नुसती टेकली. माझा अंदाज बरोबर आला होता, आणि मला इतका आनंद झाला की मी हसलो.

मग कान्होजी थांबले. संभाजीरावांची जागा आली.

खोली शांत झाली. मला काही ऐकू आलं नाही. आणि डोळा मिटला. पानं एकमेकांवर चढली, पार पलीकडे गेली, काळी फट उरलीच नाही. नुसता हिरवा गोळा जळत राहिला.

कान्होजींनी पुन्हा सुरुवात केली. पानं टेकली, सुटली, टेकली. सगळं बरोबर. ते थांबले. हिरवा गोळा.

आता मला काय ठरवायचं होतं, ते सांगतो. माझे कान सांगत होते की खोलीत एकच नगारा वाजतो आहे आणि त्याची पातळी उत्तम आहे. बटणाला हात लावायचा नाही. डोळा सांगत होता की दुसरा वाजतो आहे, पहिल्यापेक्षा फार मोठा, आणि त्याचा आवाज फाटतो आहे. डोळ्याचं ऐकून बटण खाली घेतलं आणि दुसरा नसलाच, तर कान्होजींचा हात खरखरीत बुडणार. म्हातारा बिर्लानगरच्या टपरीत राहणार, तेही माझ्यामुळे. नाही ऐकलं, आणि दुसरा असला, तर जोडी फाटणार. अर्धी नको, असं ते म्हणाले होते.

बशीत ठेवलेला कप किणकिणला. कान्होजी तेव्हा थांबलेले होते.

मी सुधावहिनींकडे पाहिलं. त्या डोळे मिटून, तोंडभर हसत पायाने ठेका धरून होत्या. त्यांचा पाय कान्होजींच्या हाताबरोबर पडत नव्हता. कान्होजी वाजवत तेव्हा तो वर राही. ते थांबले की पडे. दोन लहान, एक मोठी.

मी बटण खाली घेतलं. कान्होजींच्या हाताला पानं आता अर्ध्यातच थांबू लागली. समोरून माधवराव हाताने खुणा करायला लागले, वर, वर. त्यांचा चेहरा कळवळला होता. मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हटलं असेन. रिकामी जागा आली. पानं धावत आली आणि एकमेकांना टेकली. नुसती टेकली, कापसासारखी. पुढच्या जागेलाही. त्याच्या पुढच्याही.

तेव्हापासून मी मोठ्या नगाऱ्याकडे पाहिलं नाही. माझी नजर डोळ्यावर होती. पण नजरेच्या कडेला लाल रंग होता, आणि प्रत्येक रिकाम्या जागेला तो रंग जरासा उचलला जात होता. झेंडूचं फूल कधी गादीवर पडलं ते मला दिसलं नाही; पडलेलं दिसलं.

कान्होजींचा हात आता खुलला होता. ते खांदा विसरले होते. लय चढत गेली, त्यांच्या आणि रिकाम्या जागांच्या मधलं अंतर कमी कमी होत गेलं, आणि ते वाजवता वाजवता मोठ्याने हसायला लागले, उजवीकडे बघत, एखाद्याने पैज लावून गाठावं आणि आपण सुटून पुढे जावं तसे. दिनकरराव टाळी द्यायला लागले. माधवराव खुणा करायचं विसरून मान डोलवत होते. त्या खोलीत घाबरलेला मी एकटाच होतो, आणि माझं बोटसुद्धा बटणावर ताल धरून होतं.

६

संपल्यावर माधवराव म्हणाले, "गोपाळ, तू बटण का उतरवलंस? काही नाही यायचं आता त्याच्यावर."

"ऐकू या," मी म्हणालो.

फीत उलटी गुंडाळली. कान्होजी भिंतीला पाठ लावून गादीवर बसले होते, धापा टाकत, मांडीवर हात ठेवून. घामाने त्यांच्या मिशा चिकटल्या होत्या. मी कळ दाबली. आधी थोडी खरखर. सुधावहिनींचा खोकला. मग कान्होजींचा पहिला हात, स्वच्छ, भरलेला. त्यानंतर रिकामी जागा आली, आणि तिथे फाटलेला, भरडलेला एक प्रचंड आवाज आला. तो मी बटण उतरवायच्या आधीचा होता. सुधावहिनी दचकल्या.

मग बटण उतरल्याची जागा आली.

दोन नगारे वाजत होते. लहान जरा मागे, पण स्पष्ट; बोलत होता, आणि मोठा उत्तर देत होता. जड हात, किंचित उशिरा पडणारा, पडला की जमिनीत उतरणारा. कुठेही आवाज फाटत नव्हता. मी आजवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये एवढी बरोबर पातळी मला कधी साधली नव्हती, आणि त्यानंतरही साधलेली नाही.

"प्रतिध्वनी," माधवराव हळूच म्हणाले. मग भिंतींवरच्या रजयांकडे पाहून गप्प झाले.

दिनकररावांचं तोंड उघडं होतं. "बाबा, हे…"

"ऐक ना," कान्होजी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "थोडा उशीर करतो. आधीपासूनचीच खोड आहे त्याची. देवीसमोर किती बोलणी खाल्ली याच्यापायी."

"मी तर याच्यावरच ठेका धरला होता," सुधावहिनी म्हणाल्या. "मोठ्यावर. छान वाजत होता की." आणि मग त्या थांबल्या, आपल्या पायाकडे पाहिलं आणि पदर खांद्यावर ओढून घेतला. पण चेहऱ्यावरचं हसू काही गेलं नाही त्यांच्या.

फितीवर लय चढली. कान्होजी ऐकता ऐकता गादीवर जरा सरकले, मैफिलीत उशिरा आलेल्याला आपण सरकून जागा देतो, इतकं सहज. त्यांच्या आणि भिंतीच्या कोपऱ्याच्या मध्ये गादीचा तुकडा मोकळा झाला. मी पाहत होतो. गादी नवीन पिंजलेली, फुगलेली होती. तो तुकडा हळूहळू खाली बसला.

मी मशीनकडे तोंड केलं आणि फीत संपेपर्यंत वळलो नाही.

"दिनकर," माझ्या मागे कान्होजी म्हणाले, "नगारे पोचवून दे आज. माझी ट्रंक बांधायची राहिली असेल ना?"

"बांधतो, बाबा." दिनकरराव उठले. "आत्ता जाऊन बांधतो."

"ही चकरी मात्र मी हातात ठेवणार. सामानात नाही."

मी रीळ काढून डब्यात घातलं आणि त्यांच्या हातात दिलं. "काका, पण भोपाळला वाजवायला मशीन लागेल. मी चौकशी करून…"

"वाजवायला कशाला," ते म्हणाले. "बरोबर आहे, बस्स." त्यांनी माझा गाल थोपटला. त्यांचा तळवा तापलेल्या कातड्यासारखा गरम होता. "शाब्बास. मोठ्या माणसाचं ऐकलंस ते बरं केलंस."

त्यांचा इशारा माधवरावांकडे नव्हता, एवढं मला कळलं.

७

मग एकच घाई झाली. हातगाडीवाला खाली ओरडत होता. दिनकरराव आणि माधवराव मोठा नगारा जिन्यावरून उतरवत होते आणि एकमेकांना सूचना देत होते. सुधावहिनी कपबशा गोळा करत सांगत होत्या की पुढच्या वर्षी दिवाळीला सगळ्यांनी भोपाळला यायचं, आणि गोपाळने एकट्याने नाही, बायको घेऊन यायचं, वर्षभराची मुदत दिली आहे. मी हसलो. मान वर करून हो म्हणालो. खिडक्या उघडल्या, संध्याकाळचं ऊन आत आलं आणि रजयांची सावली भिंतीवरून उतरली. खोली पुन्हा रोजच्यासारखी झाली होती, आणि मला वाटत होतं की मी फार मोठं काम केलं आहे.

मी खाली बसून माइकची तार गुंडाळत होतो. कान्होजी भिंतीचा आधार घेत उठले. डबा त्यांनी डाव्या बगलेत धरला होता. दोन पावलं गेले, थांबले, परत वळले.

त्यांनी वाकून उजवा हात खाली केला. दुखरा हात. भिंतीच्या कोपऱ्यातल्या गादीच्या त्या मोकळ्या तुकड्याकडे. त्यांची बोटं कशाभोवती तरी मिटली. मग त्यांनी एक पाय पुढे रोवला आणि ओढलं.

हात खांद्यापासून मनगटापर्यंत ताणला गेला, भरलेल्या बादलीचा दोर ताणतो तसा. मनगटावरच्या शिरा वर आल्या. त्यांचा खांदा खाली दबला, ते क्षणभर पुढे कलले, पडतात की काय असं वाटलं. मग हळूहळू सरळ झाले. गादी वर आली. त्यांची बोटं एकेक करून सुटली.

कान्होजींनी श्वास घेतला, खांदा चोळला आणि मिशीत हसले.

"भोपाळला चढच चढ आहेत म्हणतात," ते दाराकडे जाताना शेजारी पाहून म्हणाले. "तिथं मी ओढणार नाही हां."